टेंभुर्णेसाहेबांची छाटणी

दुसऱ्याच्या फाटकातून आत एखादं वाढलेलं झाड दिसलं की टेंभुर्णेसाहेबांचा उजवा हात आपोआप पँटच्या खिशात जायचा. खिशात सिकेटर असायचं. सिकेटर म्हणजे फांद्या छाटायची ती वाकड्या चोचीची, स्प्रिंगची कात्री. लोक खिशात रुमाल ठेवतात, तंबाखूची डबी ठेवतात. हा माणूस कात्री ठेवायचा. आणि जानेवारीचा शेवटचा आठवडा लागला, सकाळची थंडी जराशी उतरली, की त्यांना फाटक, कडी, कुंपण, यातलं काहीही दिसेनासं व्हायचं. फक्त झाड दिसायचं.

आमची ओळख अशीच झाली. मी झोपेत होतो आणि ते माझ्या गुलाबांत.

नवं राज्य झालं तेव्हा भोपाळच्या ऑफिसातल्या आम्हा काही जणांच्या नावापुढे रायपूर लिहून आलं. राजधानी इतकी नवी होती की ऑफिसात टेबलं येऊन पडली होती आणि खुर्च्या यायच्या होत्या. आम्हाला घर मिळालं ते गुढियारीच्या पलीकडे, रेल्वेतून निवृत्त झालेल्या लोकांनी वसवलेल्या एका कॉलनीत. दोन खोल्या, पण पुढे चांगली वीस फूट जमीन. भोपाळला तिसऱ्या मजल्यावर दहा वर्षं काढलेल्या माझ्या बायकोला, सुधाला, ती जमीन बघूनच बदली पसंत पडली. घरमालकाने लावलेले सात गुलाब तिथे होतेच. सुधाने त्यांना शेणखत घातलं, माती उकरली, रोज त्यांच्याशी दोन शब्द बोलली, आणि जानेवारीत ते असे फुलले की रस्त्याने जाणारे सायकलवाले मान वळवून बघायचे. जवळच्या उरला वसाहतीतल्या कारखान्यांतून उडून येणारी काळी धूळ आमच्या गच्चीवर, कपड्यांवर, पापडांवर बसायची, पण सुधा सकाळी फडकं घेऊन एकेक पान पुसायची.

तो रविवार होता. सातच्या सुमाराला बाहेरून आवाज यायला लागला. कच्च. मग जरा शांतता. पुन्हा कच्च. तेवढ्यात आमच्याकडे काम करणारी सुकवाराबाई आत आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "साहब, एक झन डोकरा आय हे. जम्मो फूल ल काट डारिस."

डोकरा म्हणजे म्हातारा आणि जम्मो म्हणजे सगळी, एवढी छत्तीसगढी मला तोवर आली होती. मी बनियनवरच बाहेर धावलो.

सात गुलाबांच्या जागी गुडघाभर उंचीच्या सात काटक्यांच्या जुड्या उभ्या होत्या. त्यांच्यासमोर एक उंच, हडकुळा माणूस उकिडवा बसला होता. डोक्याला माकडटोपी, अंगात खाकी स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. दाढीच्या जुन्या ब्रशने तो प्रत्येक काटकीच्या टोकाला काहीतरी निळं निळं फासत होता.

"अहो! हे काय केलंत तुम्ही?"

त्याने मान वर केली नाही. "उशीर झाला जी," तो म्हणाला. "आठ दिवसांआधीच पायजे होतं. पन तुमी नवे लोकं, म्हनून मी थोडी वाट पाह्यली."

"पण फुलं होती त्यांना! चाळीस तरी फुलं होती!"

"एक्केचाळीस. तिथं बादलीत ठेवली." खरोखरच ओट्यावरच्या आमच्या बादलीत एक्केचाळीस गुलाब नीट देठ बुडवून ठेवलेले होते. "फूल झाडावर ठेवलं का झाड आळशी होते. घरात न्या. चार दिवस पाहा, मंग फेका."

मी त्याला सांगितलं, की गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात करतात, माझ्याकडे पुस्तक आहे, त्यात तसं छापलेलं आहे.

"पुस्तक कोनं लिहिलं?"

"पुण्याच्या कोणीतरी."

"त्यायनं रायपूरचा एप्रिल पाह्यला का?" आता त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "ऑक्टोबरात मोठी छाटनी होते, बरोबर हाये. पन जानेवारी सरता सरता एक हलकी मारा लागते. मंग होळीच्या आगेमागे फुलते. त्याच्यानंतर इथलं ऊन फुलूच देत नाही जी. ही शेवटची गाडी हाये. चुकली का चुकली."

एवढं बोलून त्याने एका गुलाबाच्या बुंध्यातून आलेला हिरवागार, जोमदार फुटवा धरला आणि माझ्या डोळ्यांदेखत मुळापासून ओढून काढला. मी ओरडलोच.

"हे कलमाच्या खालून आलं. जंगली हाये," तो म्हणाला. "खाते सगळं, फुलत काही नाही. बिना टिकटचा पॅसेंजर. उतरवाच लागते."

मग ब्रश कागदात गुंडाळून, फाटक नीट लावून, "ताई, दहा दिवस पानी कमी," असं सुधाला सांगून तो निघून गेला. मी घरमालकांना फोन केला. ते हसले. "टेंभुर्णेजी होंगे. उनको कुछ मत बोलिए, वो पूरे पारा में यही करते हैं."

म्हणजे हा माणूस साऱ्या मोहल्ल्याचाच प्रश्न होता.

श्यामराव टेंभुर्णे मूळचे भंडारा जिल्ह्यातले. रेल्वेत रुळांचे इन्स्पेक्टर होते. पस्तीस वर्षं त्यांनी रुळांच्या कडेने पायी चालत, नटबोल्ट ठोकत, कुठे खडी सरकली, कुठे स्लीपर कुजला ते बघत काढली. निवृत्त झाल्यावर पाहायला रूळ उरले नाहीत, मग त्यांनी कॉलनीतली झाडं धरली. पहाटे निघायचे, हात मागे बांधून, मान खाली घालून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. परत येताना दुसऱ्या बाजूने. टेंभुर्णी म्हणजे ज्याच्या पानांच्या बिड्या वळतात ते झाड. आडनावातच झाड असलेल्या माणसाकडून आणखी कसली अपेक्षा करणार, असं सुधा म्हणायची. बायको पुण्याला मुलाकडे होती. नातू झाला तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून गेली होती आणि आता नातू शाळेत जात होता. त्याबद्दल कोणी विचारलं तर टेंभुर्णेसाहेब एवढंच म्हणायचे, "मॅडमची ड्युटी तिकडं लागली हाये."

त्यांची सगळी विद्या एका शब्दात होती. तो शब्द म्हणजे डोळा. फांदीवर जिथून नवा फुटवा यायचा असतो त्या बारीक फुगवट्याला डोळा म्हणतात. छाट द्यायचा तो डोळ्याच्या पाव इंच वर, तिरपा, म्हणजे पाणी डोळ्यावर न साचता मागे गळून जाईल. आणि डोळा बाहेरच्या बाजूचा पाहिजे. आतल्या डोळ्यावर कापलं तर फांदी आत वाढते, गर्दी होते, हवा जात नाही, कीड पडते. "मधात लाइन क्लियर पायजे," असं ते दिवसातून निदान वीस वेळा म्हणत. "झाडाले लाड नाही पायजे, शिस्त पायजे," हे आणखी वीस वेळा. पेरूचे सरळसोट उभे, फळ न धरणारे पाणसोट, सीताफळाच्या वाळलेल्या काड्या, जास्वंदीचा झिपरेपणा, मेंदीचं कुंपण, कशाचीही सुटका नव्हती. फक्त मोहोर आलेला आंबा आणि पिंपळ, या दोघांपुढे ते हात मागे बांधूनच उभे राहत.

होळीच्या चार दिवस आधी आमचे सातही गुलाब फुलले. फुलले म्हणजे अगदी निर्लज्जासारखे फुलले. जानेवारीत होती त्याहून मोठी फुलं, त्याहून लांब देठ. माणूस आगाऊ असावा आणि चुकीचा असावा, म्हणजे त्याच्यावर नीट रागावता येतं. टेंभुर्णेसाहेबांनी तीही सोय ठेवली नव्हती. ते आले, एकेक झाड बघितलं, आणि मला वाटलं आता हा माणूस छाती फुगवून उभा राहील. पण ते एका फांदीकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं मी चुकलो जी. आतल्या डोळ्यावर कापलं. थंडीनं हात आखडला होता." आणि दिवसभर चेहरा पाडून हिंडले.

दुसऱ्या वर्षी त्यांनी सिग्नल सुरू केले.

मोगऱ्याला उन्हाळ्यात फुलं हवी असतील तर जानेवारीत त्याचं पाणी तोडायचं, पानं ओरबाडून काढायची, एक तृतीयांश कापायचा आणि त्याला तहानेने थोडं कासावीस होऊ द्यायचं. मग फेब्रुवारीत खत आणि भरपूर पाणी. हे लोकांच्या लक्षात राहत नाही म्हणून टेंभुर्णेसाहेबांनी घरोघरच्या झाडांना चिंध्या बांधल्या. लाल चिंधी म्हणजे पाणी बंद. हिरवी म्हणजे पाणी चालू. आठवडाभरात आमची कॉलनी एखाद्या पीरबाबाच्या दर्ग्यासारखी दिसायला लागली. एक दिवस ऑफिसातून वैतागून आलो, अंगणात लोटाभर पाण्याने तोंड धुतलं आणि उरलेलं पाणी समोरच्या मोगऱ्यावर ओतलं. कुठून कोण जाणे, कुंपणापलीकडून गर्जना झाली.

"लाल सिग्नल तोडला तुमी!"

"साहेब, लोटाभर पाणी होतं हो."

"लोटा असो का हंडा. सिग्नल तोडला का नाही तोडला?"

"तोडला."

"काहून तोडला?"

ऑफिसात छप्पन्न माणसं माझ्या सहीची वाट बघतात, आणि इथे मी माझ्याच घराच्या दारात, माझ्याच मोगऱ्यासमोर, ओल्या तोंडाने माफी मागत उभा होतो. सुधा खिडकीतून बघत होती. रात्रीच्या जेवणाला मला तिच्याकडून थोडी सहानुभूती हवी होती. ती त्यांच्याच बोलीत म्हणाली, "बरोबरच तर बोलून राहिले ते. तुमाले लाल चिंधी दिसत नाही का?"

त्याच महिन्यात आमचे साहेब चहाला आले. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे मोठे अधिकारी. नव्या राज्यात कोणाला कोणत्या टेबलावर बसवायचं ते त्यांच्या हातात. मी चिनी मातीचे कप काढले होते. साहेब आपल्या बंगल्यातल्या बोगनवेलीचं कौतुक सांगत होते: गच्चीपर्यंत गेलीय, इतकी दाट आहे की भिंत दिसत नाही. आणि दारात टेंभुर्णेसाहेब उभे राहिले.

"फूल किती येते?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"फूल तो अभी थोड़ा कम है," साहेब म्हणाले.

"पानी रोज देते होंगे." टेंभुर्णेसाहेबांची हिंदी म्हणजे टोपी घातलेली मराठीच होती. "लाड करके रखे हैं. उसको काटना पडता जी."

मी विषय बदलला, बिस्किटं पुढे केली, आभाळाकडे बघून थंडीबद्दल बोललो. साहेब गेले. मला वाटलं निभावलं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. तोवर तिथे खुर्च्या आल्या होत्या, पण त्यांनी बस म्हटलं नाही.

"काळे, ये टेंभुर्णे कौन है तुम्हारा?"

झालं असं होतं, की टेंभुर्णेसाहेब सायकलवर पाच किलोमीटर जाऊन, बंगल्याच्या चौकीदाराला "साहबने बुलाया" असं धडधडीत सांगून, शिडी मागून घेऊन, ती गच्चीपर्यंत गेलेली बोगनवेल कंबरेइतकी करून आले होते. भिंत आता दिसत होती. भिंतीला पडलेली भेगही दिसत होती. साहेबांच्या पत्नी दोन दिवस जेवल्या नव्हत्या, असं चौकीदाराचं म्हणणं.

पुढचा दीड महिना मी कसा काढला ते मलाच ठाऊक. बस्तरच्या कुठल्या तरी टोकाला बदली होणार म्हणून सुधा ट्रंका झटकायला लागली. टेंभुर्णेसाहेबांशी मी बोलणं सोडलं. फाटकाला कुलूप लावलं. ते रोज पहाटे येत, कुलूप बघत आणि कुंपणावरूनच सुधाला सूचना देऊन पुढे जात. मार्च अर्धा सरल्यावर साहेबांनी पुन्हा बोलावलं. साहेब म्हणाले, "काळे, बोगनवेलिया देखने आओ कभी. पत्ता नहीं दिखता, सिर्फ फूल." मग आवाज खाली करून, "वो तुम्हारे टेंभुर्णे... नींबू का भी कुछ समझते हैं क्या?"

मी घरी येऊन कुलूप काढलं. पण माझा राग काही गेला नाही. उलट वाढला.

तिसऱ्या वर्षी जानेवारी सरत आला आणि टेंभुर्णेसाहेब आले, पण त्यांचा हात खिशात गेला नाही. त्यांनी सिकेटर आधीच हातात धरलं होतं, आणि ते माझ्यापुढे केलं.

"घ्या. कापा."

"मी?"

"मंग कोन? झाड कोनाचं हाये?"

तो रविवार, त्याच्या पुढचा रविवार आणि त्याच्या पुढचाही. माझे तीन रविवार त्या माणसाने खाल्ले. ते आमच्याच खुर्चीवर बसून राहायचे आणि मी वाकून एकेक फांदी दाखवायचो. "इथे?" "नाही." "इथे?" "डोळा दिसते का तिथं?" "दिसतो." "कोनत्या बाजूले पाह्यते तो?" "आत." "मंग?" मी चुकीचं कापलं की ते ओरडायचे नाहीत, नुसता तोंडाने 'चक्' असा आवाज काढायचे, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. मोरचूद आणि चुना कालवून तो निळा लेप कसा करायचा, तेही मलाच करायला लावलं. माझी बोटं आठवडाभर निळी राहिली आणि ऑफिसात सगळे विचारायला लागले. सीताफळाची छाटणी झाली, मग जास्वंद, मग मोगरा. मला काट्यांनी ओरबाडलं होतं, कंबर धरली होती. आणि एवढं करून ते म्हणाले, "आता हे सगळं मले सांगून दाखवा. पहिल्यापासून."

माझा तोल गेला.

"साहेब," मी म्हणालो, "आठवडाभर ऑफिसात मरतो मी. एक रविवार मिळतो. तुम्हाला दुसरं काही काम नाही का हो?"

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधत असल्यासारखे. मग म्हणाले, "नाही जी." उठले, खुर्ची उचलून ओट्यावर जागच्या जागी ठेवली आणि गेले.

सुधा चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. शेजारीपाजारी चौकशी केली तेव्हा कळलं, की यंदा त्यांनी एकाही घरी स्वतः कापलेलं नव्हतं. मिश्राजींच्या सुनेला शिकवलं होतं, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला शिकवलं होतं, चौथ्या लाइनीतल्या दोन म्हाताऱ्या बहिणींना शिकवलं होतं. सगळे वैतागले होते. सगळ्यांना पहिल्यापासून सांगून दाखवावं लागलं होतं. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

ते सुकवाराबाईने सांगितलं. ती त्यांच्याकडेही झाडलोट करायची. भांडी घासता घासता म्हणाली, "डोकरा ह पुणे जावत हे. काली."

काली म्हणजे उद्या.

मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेलो. तीन वर्षांत हा माणूस माझ्याकडे शंभर वेळा आला होता आणि मी त्याच्या दारात कधी उभा राहिलो नव्हतो. अंगण इतकं नेटकं होतं की पाय ठेवायला भीती वाटली. आत एक सुटकेस, एक वळकटी. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरी उतरवून चादरीत गुंडाळून ठेवल्या होत्या. भिंतीवर दोन पांढरे चौकोन उरले होते.

"बसा जी," ते म्हणाले. "चहा नाही देऊ शकत. गॅस परत केला."

"साहेब, तुम्ही बोलला नाहीत."

"काय बोलाचं?" ते वळकटीवर बसले. "मॅडम बाथरूमात पडल्या. डिसेंबरात. कंबरेचं हाड मोडलं. सुनबाईची नोकरी, पोऱ्याची नोकरी. पोरगा म्हने, आता तरी या बाबा. मी म्हनलं, छाटनी होऊ दे." ते हाताचे तळवे गुडघ्यांवर घासत राहिले. "ती तिथं पलंगावर पडून हाये, अन् मी इथं लोकायच्या झाडापाशी. लाज वाटते मले. पन तिनंच म्हनलं फोनवर. म्हने, आटपून या. नाही तर इथं येऊन माहंच डोकं खासान, याचं राह्यलं, त्याचं राह्यलं म्हनून."

मला त्या दिवशी जे बोललो त्याची माफी मागायची होती. वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "मोगऱ्याले पानी सुरू केलं का?"

"केलं."

"खत?"

"घातलं."

"बुडापासून वीतभर दूर?"

"वीतभर दूर."

त्यांनी मान हलवली. माफी तशीच राहून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा आली तेव्हा निम्मी कॉलनी फाटकाशी जमली होती. ज्यांनी ज्यांनी त्यांच्यावर दातओठ खाल्ले होते ते सगळे. त्या दोघी म्हाताऱ्या बहिणींनी दशम्या बांधून दिल्या. सुधाने विचारलं, "काका, सिकेटर घेतलं का?" "घेतलं न," ते म्हणाले. "तिथंही काही तरी असंनच."

वर्ष कसं गेलं कळलं नाही. राजधानीत रस्ते रुंद झाले, माझ्या खुर्चीला हात आले. पुढचा जानेवारी आला तेव्हा एका रविवारी सकाळी सुधा आणि मी न बोलता बाहेर आलो आणि कापायला लागलो. इकडे मिश्राजींची सून कापत होती, पलीकडे किराणावाला. आवाज सगळीकडून येत होता.

फेब्रुवारीत एका दुपारी फोन वाजला. बाईचा आवाज, दबका. "काळे साहेब का? मी विमल टेंभुर्णे. पुण्याहून."

मी म्हणालो, नमस्कार, तब्येत कशी आहे तुमची.

"मी चालते आता काठीनं. माहं सोडा. ह्यायच्याबद्दल सांगाचं होतं." त्या घाईत होत्या. "इथं सातव्या मजल्यावर राह्यतो आमी. खाली सोसायटीचा बगीचा हाये, माळी हाये. यायनं त्याच्या झाडाले हात लावला, तर त्यानं तक्रार केली. सेक्रेटरीनं कागद पाठवला घरी. पोरानं काही म्हनलं नाही, पन यायले लागलं ते. तवापासून खालीच नाही गेले. महिना झाला. गॅलरीत बसते, बोलत नाही. मी म्हनते भांडा तरी माह्याशी. भांडतही नाही." त्या थोडं थांबल्या. "तुमी उद्या सकाळी एक फोन करान का? काहीही विचारा. मी सांगतलं म्हनून नका सांगू."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि फोन लावला. पलीकडे बराच वेळ गेल्यावर त्यांचा आवाज आला, आधी होता त्याहून बारीक.

"साहेब, काळे बोलतोय. रायपूर. अहो, एका गुलाबाची पानं पिवळी पडताहेत."

ते म्हणाले, "खालची का वरची?"

एवढा विचार मी केला नव्हता. "खालची," मी म्हणालो.

"शिरा हिरव्या हायेत का शिराही पिवळ्या?"

"शिरा... थांबा हां."

"फोन ठेवू नका. जाऊन पाहून या."

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि खरोखरच बाहेर गेलो. सात गुलाबांना तांबूस कोवळे फुटवे आले होते. प्रत्येक पान हिरवंगार, धुतल्यासारखं. एकही डाग नव्हता. मी परत येऊन सांगितलं, शिरा हिरव्या आहेत, मधला भाग पिवळा आहे. त्यांनी विचारलं, डाग? मी म्हणालो, काळे, थोडे. त्यांनी विचारलं, पानाच्या मागे जाळी? मी म्हणालो, आहे वाटतं. शेंडे वाळतात का? वाळतात. मुळाशी वाळवी? सुधा दारात उभी राहून खुणा करत होती, बास करा म्हणून, पण मी वाळवीही कबूल केली.

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी वाजली.

"काळे साहेब," ते म्हणाले, "एवढे सगळे रोग एका झाडाले एका वेळी होत नाही जी."

त्यांनी घसा खाकरला. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"बरं," ते म्हणाले. "दुसऱ्याले काय झालं?"

"दुसऱ्याचं जरा जास्तच आहे," मी म्हणालो, आणि स्टूल ओढून फोनजवळ बसलो.